इन्सासचं नेमकं काय चुकलं आणि उग्रमवर विश्वास ठेवावा का? एका आर्मररचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुमचा धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालाय. बेळगावच्या सेंटरमध्ये त्याने इन्सास ही आपली स्वदेशी रायफल हाताळली, पुढे पलटणीत एके-२०३ मिळेल असं त्याच्या कानावर आलंय. घरात काका म्हणतात की इन्सास म्हणजे स्वदेशीच्या नावाखाली जवानाच्या गळ्यात मारलेला माल. आणि तुम्ही विचारताय की मंगळाभोवती यान फिरवणाऱ्या देशाला एक रायफल धड का बनवता येऊ नये, आणि आता पुण्यात 'उग्रम' ही नवी रायफल तयार झालीय तिचंही तेच होणार का?

मी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याची हत्यारं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे पलटणीच्या कोतमधली, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीतली, हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा माणूस. २४ वर्षांच्या नोकरीत एसएलआर, इन्सास आणि एके, तिन्ही या हातांखालून गेल्या. रायफलीचा आराखडा मी कधी काढला नाही, पण अडलेल्या रायफली मात्र शेकड्यांनी उघडल्या. नीट चालणारी रायफल आर्मररकडे येतच नाही, त्यामुळे माझं सगळं मत बिघाडाच्या बाजूने बनलेलं आहे. वाचताना एवढं लक्षात असू द्या.

'स्वदेशी की परदेशी' या वादात मला फारसं हाती लागत नाही. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. द्रासच्या चौकीवर एखाद्या जवानाची रायफल अडली, तर ती का अडली हे ती आखणाऱ्याला, बनवणाऱ्याला आणि तिची गोळी बनवणाऱ्याला किती दिवसांत कळतं? आणि कळल्यावर पुढची रायफल बदलते का? इन्सासच्या बाबतीत घोडं तिथेच पेंड खात होतं. आराखड्यात उणिवा होत्या, त्या पुढे सांगतोच. पण उणीव प्रत्येक नव्या हत्यारात असते. ती निस्तरायला किती काळ लागतो त्यावर हत्याराचं नाव ठरतं.

थोडं मागे जाऊ. १९६२ च्या युद्धात आपल्या पायदळाच्या हातात बहुतांशी पॉइंट ३०३ ची बोल्ट रायफल होती. त्यानंतर १९६० च्या दशकात ईशापूरच्या कारखान्यातून ७.६२ मिमीची एसएलआर येऊ लागली. मूळ घडण बेल्जियमच्या एफएएलची. एसएलआर दणकट होती, लांबवर मारायची, आणि जुने लोक अजून तिचं नाव प्रेमाने काढतात. पण ती लांब होती, जड होती आणि तिची गोळीही जड होती. ७.६२ बाय ५१ चा (पहिला आकडा गोळीची जाडी, दुसरा काडतुसाच्या नळकांड्याची लांबी, दोन्ही मिमीत) एक राउंड, म्हणजे एक अख्खं काडतूस, साधारण २४ ग्रॅमचा असतो, ५.५६ बाय ४५ चा साधारण १२ ग्रॅमचा. शंभर राउंडमागे जवळजवळ सव्वा किलो वजन वाचतं. पाठीवर सामान घेऊन डोंगर चढणाऱ्याला विचारा, सव्वा किलो म्हणजे काय ते.

म्हणून १९८० च्या दशकात पुण्यात पाषाणच्या एआरडीईकडे काम आलं. एआरडीई म्हणजे डीआरडीओची शस्त्रास्त्र संशोधन करणारी प्रयोगशाळा, १९५८ सालची. मागणी एका कुटुंबाची होती: एकाच ५.५६ मिमी गोळीवर चालणारी रायफल, लाइट मशीनगन (एलएमजी) आणि कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल. नावातला 'सिस्टिम' हा शब्द त्यासाठीच, इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम. यातली रायफल आणि एलएमजी १९९० च्या दशकात सैन्यात आल्या. कार्बाइन सैन्याने स्वीकारली नाही. मधल्या काळात काश्मीर पेटलं, रायफल तयार नव्हती, आणि परदेशातून एके घडणीच्या रायफली विकत घ्याव्या लागल्या. उशिराची पहिली किंमत ती.

आता आराखड्याकडे येतो. इन्सास उघडून पाहिली की तीन घराण्यांची ओळख पटते. पिस्टन आणि फिरता बोल्ट (राउंड नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग) एकेच्या वळणाचा, गॅस रेग्युलेटर एफएएलच्या वळणाचा, डाव्या बाजूला पुढे असलेलं कॉकिंग हँडल जर्मन रायफलींच्या वळणाचं. नळीला आतून क्रोमचा मुलामा. काही लोक यालाच खिचडी म्हणून हिणवतात, ते मला पटत नाही. हत्यारांच्या जगात सगळे एकमेकांचं पाहून शिकले. चांगली ठेवलेली, नीट झीरो केलेली, म्हणजे नेम जुळवलेली, इन्सास ३०० मीटरवर गोळ्या छान जवळजवळ पाडते, हे मी फायरिंग रेंजवर अनेकदा पाहिलंय. धक्का कमी, नेम सोपा. नव्या रंगरुटाला नेमबाजी शिकवायला ती फार चांगली रायफल आहे, आणि तुमच्या भावाला ती तिथे मिळाली याचं मला बरंच वाटतं.

मग ती अडायची कुठे? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा मॅगझिनपाशी.

इथे जरा थांबतो, कारण बाहेरच्या माणसाला ही गोष्ट किरकोळ वाटते. लोक नळी बघतात, कॅलिबर बघतात, मॅगझिन म्हणजे गोळ्या ठेवायची डबी समजतात. प्रत्यक्षात मॅगझिन हा रायफलीचा चालता भाग आहे. वरच्या बाजूला दोन ओठ असतात, ते राउंडला ठराविक कोनात धरून ठेवतात. बोल्ट पुढे येताना त्या राउंडला मागून ढकलतो आणि तो चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, शिरतो. ओठ केसभर फाकले की राउंडचं नाक वर उठतं आणि चेंबरच्या तोंडाशी अडतं, किंवा दोन राउंड एकदम निसटतात. खालची स्प्रिंग थकली की राउंड वर यायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात बोल्ट रिकामाच पुढे निघून जातो. जवानाला दिसते ती 'अडलेली रायफल'. दोष मात्र ज्या भागात असतो तो रायफलीच्या मानाने फार स्वस्त असतो.

इन्सासचं मॅगझिन २० राउंडचं, पारदर्शक प्लास्टिकचं. कल्पना चांगली होती: किती राउंड उरले ते बाहेरून दिसतं आणि वजनही कमी. पण प्लास्टिक थंडीत ठिसूळ होतं. कुठलं, किती उणे तापमानाला, हे त्याच्या जातीवर आणि ओतकामावर अवलंबून असतं. सपाटीवर वर्षभर टिकलेलं मॅगझिन उंचीवर दगडावर ओठांच्या बाजूने आपटलं की तडकू शकतं. १९९९ च्या कारगिल युद्धात ज्या तक्रारी जाहीरपणे पुढे आल्या, त्यात थंडीत मॅगझिन तडकणं होतं, रायफल अडणं होतं, तीन राउंडांच्या बर्स्टवर (ट्रिगर एकदा दाबला की तीनच राउंड सुटतील अशी) ठेवलेली रायफल थेट ऑटोमॅटिक सुटणं होतं, आणि नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात तेल उडणं होतं.

कारगिलच्या लढाईत मी नव्हतो. त्यानंतर दोन वर्षांनी उंचावर असलेल्या एका पलटणीबरोबर एक हिवाळा काढला. तिथे मी एक सवय लावून घेतली, ती पुढे नोकरीभर पाळली. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने नंबर घालायचा. रायफल अडली की रायफलीच्या नंबराबरोबर मॅगझिनचा नंबरही वहीत लिहायचा. पहिल्या दोन महिन्यांत वहीत १९ नोंदी झाल्या, आणि त्यातल्या ११ फक्त चार मॅगझिनच्या नावावर होत्या. रायफली वेगवेगळ्या, मॅगझिनं तीच. ती चार बाजूला काढली आणि त्या कंपनीत 'इन्सास अडते' हे बोलणं जवळजवळ थांबलं. वही एका चौकीची आहे, त्यावरून साऱ्या सैन्याचा निष्कर्ष काढू नका. पण कुठे बघायचं ते मला त्या वहीने शिकवलं.

तेलाचं प्रकरणही असंच. सपाटीवर एसएलआरवर वाढलेल्या पिढीला सवय होती की हत्यार चकचकीत तेलकट हवं. उणे तापमानात तेच तेल घट्ट होतं, बोल्टची चाल मंदावते, फायरिंग पिनचा ठोका हलका पडतो आणि राउंड फुटत नाही. आणि तेल जास्त असेल तर मागे धावणारा बोल्ट कॅरिअर ते वरच्या झाकणाच्या फटीतून बाहेर फेकतो. समोर नेम धरलेला डोळा असतो. दुसरी चूक बुखारीची, म्हणजे बंकरमधल्या शेगडीची. दिवसभर बर्फात असलेली रायफल जवान मायेने बंकरमध्ये आणून बुखारीशेजारी ठेवतो. गार लोखंडावर हवेतलं पाणी धरतं. तासाभराने तीच रायफल बाहेर नेली की ते पाणी आत गोठतं आणि बोल्ट जागेवर चिकटतो. उंचावर हत्यार शक्यतो थंडच राहू द्यावं, तेल नावापुरतं लावावं, आणि दर थोड्या वेळाने बोल्ट हाताने मागेपुढे करावा. हे शिकवावं लागतं.

पण एवढ्यावरून 'दोष जवानाचा' असं म्हणून मोकळं होणं मला अजिबात मान्य नाही. २००५ साली नेपाळमध्ये माओवाद्यांच्या हल्ल्यात ४३ सैनिक मारले गेले, तेव्हा नेपाळी सैन्याने इन्सास ऐनवेळी दगा देते असं म्हटलं, आणि आपल्या बाजूने उत्तर गेलं की वापर बरोबर झाला नसेल. कदाचित दोन्हींत तथ्य असेल. तरी युद्धाचं हत्यार दमलेल्या, झोप न झालेल्या, बोटं बधिर झालेल्या माणसासाठी बनवायचं असतं. त्याच्या हातून थोडं तेल जास्त पडणारच. ती चूक पोटात घालण्याइतकी जागा हत्याराच्या चालत्या भागांत ठेवावी लागते. एके जगभर का टिकली याचं मोठं कारण हेच आहे. तिचे भाग सैल बसतात, नेम थोडा कमी पडतो, पण घाण आत गेली तरी ती चालत राहते. इन्सासने नेम कमावला आणि ही सहनशीलता थोडी गमावली.

आता मागणीबद्दल, कारण इथे प्रयोगशाळेला एकटीला दोष देता येत नाही. सैन्याला हत्यार हवं असेल तर ते आपल्या गरजा एका कागदावर लिहितं, त्याला जीएसक्यूआर म्हणतात. १९८० च्या दशकात जगभर विचार असा होता की हलकी गोळी बरी: जवान जास्त राउंड वाहील, आणि शत्रूचा एक जखमी झाला की त्याला उचलायला आणखी दोघे अडकतील. गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून पूर्ण ऑटोमॅटिकऐवजी तीन राउंडांचा बर्स्ट. कागदावर दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या. पण रायफल आली तोवर पलटणी काश्मीरच्या गल्ल्यांत आणि जंगलांत लढत होत्या. समोरचा ३० मीटरवर, एके घेऊन, मरायला तयार होऊन आलेला. तिथे जवानाला समोरचा माणूस जागेवर थांबायला हवा होता आणि सलग फैर हवी होती. त्यामुळे दहशतवादविरोधी कामावरची पथकं एके मागायची आणि इन्सास कोतमध्ये ठेवून जायची. बर्स्टची यंत्रणाही नाजूक असते. तीनपर्यंत मोजणारा दातेरी तुकडा छोटा, त्यात घाण किंवा झीज शिरली की मोजणी चुकते. एआरडीईने पुढे 'एक्सकॅलिबर' नावाची सुधारित रायफल केली, नळी ४०० मिमीपर्यंत आखूड आणि पूर्ण ऑटोमॅटिक. सुधारणा योग्य होती, पण तोवर सैन्याचं मन इन्सासवरून उडालं होतं.

मागणी त्यानंतरही डोलत राहिली. २०११ मध्ये परदेशी रायफलीसाठी निविदा निघाली, ती नळी बदलून ५.५६ आणि ७.६२ बाय ३९ दोन्ही गोळ्या मारणारी हवी होती. २०१५ मध्ये ती रद्द झाली. मग विचार ७.६२ बाय ५१ कडे वळला, म्हणजे ज्या वजनदार गोळीपासून ३० वर्षांपूर्वी आपण दूर गेलो होतो तिच्याकडेच. शेवटी सैन्याने दोन वेगळ्या रायफली घेतल्या: सीमेवरच्या पायदळासाठी अमेरिकी सिग-७१६, फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० नग, आणि मोठ्या संख्येसाठी एके-२०३. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, कारण एका रायफलीकडून ५०० मीटर आणि ३० मीटर दोन्ही ठिकाणी अव्वल काम मागणं हीच मूळ चूक होती. बंगालमध्ये ईशापूर, उत्तर प्रदेशात कानपूर आणि तमिळनाडूत तिरुचिरापल्ली, अशा तीन ठिकाणी बनणाऱ्या आणि पाषाणला आखल्या जाणाऱ्या हत्याराला दर दहा वर्षांनी नवं लक्ष्य दिलं, तर कोणतंही लक्ष्य नीट गाठलं जात नाही.

तीन कारखान्यांचं नाव निघालं म्हणून आणखी एक मुद्दा. नमुना बनवणं आणि लाखावी रायफल पहिलीसारखी बनवणं ही दोन निरनिराळी कौशल्यं आहेत. आमच्याकडे एक साधी कसोटी होती. दहा रायफली उघडायच्या, सगळ्यांचे भाग एका टेबलावर मिसळायचे आणि पुन्हा दहा जोडायच्या. दहाही चालल्या तर बनावट चांगली. एकदा एका नव्या खेपेतल्या रायफली मी अशा जोडल्या तेव्हा दोन ठिकाणी भाग बसेना, कानस हातात घ्यावी लागली. सुट्या भागाला आर्मररने कानस लावणं हे चांगलं लक्षण नाही. युद्धात एका तुटक्या रायफलीचा बोल्ट दुसरीत घालता आला पाहिजे. मी रीतसर डिफेक्ट रिपोर्ट पाठवला. त्याचं उत्तर आलं तोवर माझी दोनदा बदली झाली होती, आणि शेरा होता 'वापरातील दोष'. ज्या रायफलीतून एकही राउंड झाडला नव्हता, तिच्याबद्दल हा शेरा. राग त्या शेऱ्याचा नाही. वाचणाऱ्याने टेबलावर ते भाग मांडून बघितले असते तर त्याला पाच मिनिटांत कळलं असतं, याची खंत अजून आहे.

इथवरचं थोडक्यात सांगतो. इन्सासचा मूळ आराखडा टाकाऊ नव्हता. मॅगझिन, बर्स्टची यंत्रणा आणि थंडीतली वागणूक यांत खरे दोष होते. बनावटीत सारखेपणा हवा तेवढा नव्हता. मागणी बदलत राहिली. आणि या सगळ्यांवर उपाय निघू शकला असता, पण तक्रार चौकीवरून टेबलापर्यंत फार हळू पोचत होती.

दुसरे देश यातून सुटले असं समजू नका. अमेरिकेची एम-१६ व्हिएतनाममध्ये गेली तेव्हा सैनिक अडलेल्या रायफलीशेजारी मेलेले सापडले. रायफलीच्या चाचण्या गोळीतल्या एका प्रकारच्या दारूवर झाल्या होत्या आणि पुरवठा झाला दुसऱ्या प्रकारच्या दारूच्या गोळ्यांचा. चेंबरला क्रोम नव्हतं. हिला साफ करावंच लागत नाही असा समज पसरला होता आणि साफसफाईचं सामानही पुरेसं दिलं नव्हतं. पण १९६७ मध्ये त्यांच्या संसदेने चौकशी लावली, क्रोम आलं, सामान आलं, आणि सुधारलेली एम-१६ए१ पुढे त्यांचं नेहमीचं हत्यार बनली. ब्रिटनची एल-८५ सन १९८५ मध्ये आली, १९९१ च्या आखाती युद्धात वाळूत अडली, आणि २००० नंतर हेकलर अँड कॉखकडून तिचे अनेक भाग नव्याने करून घेतल्यावर विश्वासाची झाली. अमेरिकेला तीन-चार वर्षं लागली, ब्रिटनला पंधरा. तक्रार किती लवकर ऐकली एवढाच दोघांतला फरक मला दिसतो.

एम-१६ च्या गोष्टीतला दारूचा धडा आपल्यालाही लागू आहे. रायफल आणि गोळी ही जोडी असते. आपल्याकडे लहान हत्यारांच्या गोळ्या खडकीला आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावला बनतात. नवी रायफल ज्या लॉटच्या (एका वेळी बनलेल्या खेपेच्या) गोळ्यांवर चाचणीत उतरली, तशाच गोळ्या दहा वर्षांनीही मिळाल्या पाहिजेत. दारूचा दाब थोडा बदलला तरी बोल्टचा वेग बदलतो, आणि रायफलीचा स्वभावच बदलल्यासारखा वाटतो.

आता एके-२०३ कडे येतो. ती स्वदेशी आहे का? आराखडा रशियाचा, कारखाना आपला. अमेठीजवळ कोरवा इथे भारत आणि रशियाच्या संयुक्त कंपनीत ती बनते. डिसेंबर २०२१ मध्ये ६,०१,४२७ रायफलींचा करार झाला. गोळी ७.६२ बाय ३९, मॅगझिन ३० राउंडचं. तुमच्या भावाच्या दृष्टीने ती चांगली बातमी आहे: हत्यार पारखलेलं आहे, घाण सोसतं, आणि उघडून जोडायला सोपं आहे. देशाच्या दृष्टीने माझं मत असं आहे की सहा लाख रायफली सारख्या बनवता आल्या, त्यांच्या नळ्या आणि मॅगझिनं इथेच घडली, तर ती कारागिरी पुढच्या आपल्या आराखड्याला कामी येईल. नुसती जोडणीच करत राहिलो तर येणार नाही.

आणि उग्रम. जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईने ती पुढे आणली. ७.६२ बाय ५१ ची गोळी, वजन ४ किलोच्या आत, ५०० मीटरचा पल्ला, २० राउंडचं मॅगझिन. हैदराबादच्या द्वीपा आर्मर या खासगी कंपनीबरोबर १०० दिवसांच्या आत नमुना तयार झाला. या वेगाचं मला मनापासून कौतुक आहे, कारण त्यात एक बदल दिसतो: आखणारा आणि बनवणारा पहिल्या दिवसापासून एका टेबलावर बसले. पण १०० दिवसांत नमुना होतो, रायफल होत नाही. रायफल चाचण्यांत होते: वाळूत, चिखलात, पाण्यात, उणे तापमानात, वाळवंटातल्या उन्हात, आणि शेवटी पलटणीत दोन हिवाळे काढल्यावर. २०१७ मध्ये आपलीच एक ७.६२ बाय ५१ ची रायफल सैन्याच्या सुरुवातीच्या चाचणीत वारंवार अडली म्हणून नाकारली गेली, आणि तेव्हाही मॅगझिन नव्याने आखायची गरज पुढे आली होती. हा शब्द परत परत येतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

म्हणून उग्रमवर विश्वास ठेवावा का, याचं माझं उत्तर असं: ठेवावा, पण तिच्याकडे नीट बघून. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला की पल्ला आणि कॅलिबर वाचून थांबू नका. पुढची बातमी शोधा. दुसऱ्या खेपेत काय बदललं? मॅगझिन बदललं का, वरचं झाकण बदललं का, स्प्रिंग बदलली का? काहीच बदललं नसेल तर मला काळजी वाटेल, कारण त्याचा अर्थ पहिली खेप कोणी कसून वापरलीच नाही किंवा कोणी ऐकलं नाही. बदल दिसले तर आनंद मानेन.

मला आशा वाटण्याचं आणखी एक कारण 'अस्मी' आहे. ही ९ मिमीची मशीन पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये पुढे आली, आणि ती मध्य प्रदेशातल्या महूच्या इन्फंट्री स्कूलने आणि एआरडीईने मिळून चार महिन्यांत केली. त्यामागचे अधिकारी लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड हे सैन्यातलेच. म्हणजे जे हत्यार वापरतात तेच आखायला बसले. पुढे सैन्याच्या उत्तर कमांडने तिची ५५० नगांची मागणी दिली. संख्या छोटी आहे, वाट योग्य आहे. कारखान्यांची घडीही बदलली आहे: १ ऑक्टोबर २०२१ पासून जुनं आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात कंपन्या झाल्या, आणि खासगी कारखान्यांनाही रायफली बनवायची वाट मोकळी झाली. स्पर्धेने गुणवत्ता आपोआप येते असं मी म्हणणार नाही. पण तक्रार ऐकली नाही तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाईल ही भीती पूर्वी नव्हती, ती आता आहे.

काकांना माझ्याकडून एवढंच सांगा की त्यांचा राग समजतो. जवानाला कच्चं हत्यार मिळालं तर राग यायलाच हवा. फक्त तो पाषाणच्या आराखड्यावर सगळा खर्च करू नका, थोडा त्या टपालावरही करा ज्यात चौकीवरच्या नोंदी वर्षानुवर्षं फिरत राहिल्या.

भावाला मात्र कामाच्या गोष्टी सांगा. हातात इन्सास असो की एके-२०३, स्वतःच्या मॅगझिनवर खूण करून ठेव आणि ती अदलाबदल करू नकोस. ओठ रोज बोटाने चाचप, तडा किंवा फाक दिसली की त्याच दिवशी बदलून घे. स्प्रिंग मऊ वाटत असेल तर लाजू नकोस, दाखव. तेल जागेप्रमाणे: समुद्रकाठी गंज धरतो म्हणून थोडं जास्त आणि रोज, वाळवंटात कमी कारण वाळू चिकटते, बर्फात नावापुरतं. चेंबर कोरडं ठेव. फायरिंगनंतर गॅसचा भाग साफ केल्याशिवाय हत्यार कोतमध्ये जमा करू नकोस.

आणि पलटणीत पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या आर्मररशी ओळख करून घे. रायफल अडली तर त्याला 'अडते' एवढंच सांगू नकोस. रायफलीचा नंबर, मॅगझिनची खूण, गोळीचा लॉट नंबर, मॅगझिनमधला कितवा राउंड होता, बोल्ट कुठे थांबला होता, आणि त्या वेळी थंडी किती होती, हे सहा तपशील कागदावर लिहून दे. अडलेला राउंडही फेकू नकोस, तो त्या कागदाबरोबर आर्मररच्या हातात दे.